मडक्याचा गळा, मगाचा कान: कोल्हापुरातल्या सिरॅमिक स्टुडिओंना खुलं पत्र

कोल्हापुरात सिरॅमिक स्टुडिओ चालवणाऱ्या आणि काढायच्या तयारीत असलेल्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

शहरात नव्या हातांखाली चाकं फिरू लागली आहेत, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. म्हणूनच हे पत्र जरा सविस्तर लिहितोय. प्रदर्शनात मांडलेला माल हातात घेतला की एक गोष्ट सारखी खटकते. बाहेरून आलेल्या पांढऱ्या मातीचा मग असतो, त्यावर कोल्हापुरी साजाची नक्षी, चपलेचं चित्र किंवा अंबाबाईच्या देवळाचं शिखर, आणि खाली चिठ्ठी ‘पारंपरिक’. चित्र झाकलं तर तो मग कुठल्याही गावात खपेल. त्यात देवळाचं शिखर छापलेली ताटली उष्टी होऊन मोरीत पडते, हे तर इथल्या माणसाला बघवतही नाही.

परंपरा आणि आजचं डिझाईन यांचा मेळ घालायचा तर वरच्या नक्षीच्या आधी मडक्याच्या अंगाकडे बघावं लागेल. माती कशात मिसळली, गळा जाड का ठेवला, बूड गोल का, भाजणी इतक्यावरच का थांबवली, या प्रत्येकामागे कारण आहे. जे कारण आजच्या घरातही लागू पडतं ते सांभाळा. जे उरलं नाही ते खुशाल बदला. पण त्याआधी कारण माहीत हवं.

अंगाऐवजी फक्त कातडी घ्यायचा प्रकार नवा नाही. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७० च्या दशकात भांड्यांचं काम उभं केलं. अजिंठ्याची चित्रं आणि सिंधची चकाकी एकत्र आणलेली ती भांडी देखणी आहेत, संग्रहालयांत जपली गेली आहेत. पण ती शोभेची राहिली, कुंभाराच्या चाकावरून रोजच्या स्वयंपाकघरात गेली नाहीत. आपल्याकडे याहून जवळचा धडा आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि सातवाहनकाळातली वस्ती उजेडात आणली. उत्खननाच्या अहवालात मडक्याचं चित्र एका ठरलेल्या पद्धतीने काढतात: अर्ध्या बाजूला बाहेरचं रूप आणि अर्ध्या बाजूला उभा छेद. काठ कुठे वळला, भिंत कुठे पातळ झाली, खांदा कुठून उतरला, सगळं त्या एका रेषेत कळतं. नव्या स्टुडिओत येणाऱ्या मुलामुलींना नक्षीच्या वहीआधी असे छेद काढायला लावा. गंगावेशीतल्या, शाहूपुरीतल्या किंवा बापट कॅम्पमधल्या कुंभारवाड्यातून फुटकी घागर मागून घ्या, ती उभी कापा, आणि कॅलिपरने दर दोन सेंटिमीटरवर जाडी मोजा.

मोजल्यावर दिसेल की काठ आणि गळा जाड, पोट पातळ, आणि बूड पोटाइतकंच पातळ. चाकावर फक्त गळा आणि खांदा पुरा होतो, खालचं अंग जाडच उतरवतात. ते सावलीत थोडं सुकलं की आत दगडी गुंडा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत भिंत वाढवतात. बोटभर जाडीची भिंत चार-पाच मिलिमीटरवर येते आणि बूड आपोआप गोल मिटतं. ठोकण्याने मातीचे कण दाबून बसतात, म्हणून इतकी पातळ भिंतही पाण्याचं वजन पेलते. गोल बुडाला कोपरा नसतो, त्यामुळे चुलीवर ताण एका जागी साठत नाही.

आता ओटा सपाट आहे, म्हणून डिझायनर बूड सपाट करतो, आणि तिथेच भांडं दगा देतं. चकतीसारखं बूड ठोकलेलं नसतं, ते भिंतीपेक्षा जास्त आकसतं, आणि सुकतानाच मध्यभागी वळणदार चीर पडते. त्यातून वाचलं तर गॅसवर कोपऱ्यात तडकतं. उपाय अवघड नाही. वीस सेंटिमीटर रुंदीच्या भांड्याला मधोमध सहा-सात सेंटिमीटरचाच भाग अर्धवट सुकलेला असताना हलक्या हाताने दाबून सपाट करा. बाकीचा उतार गोलच ठेवा आणि जाडी कुठेही बदलू देऊ नका. गॅसच्या जाळीवर असं भांडं नीट बसतं. जेवणाच्या टेबलावर ठेवायला त्याच मातीचं कडं करा, डोक्यावर घागरीखाली असते तशा चुंबळीच्या आकाराचं. चुंबळीच्या कामासाठी चुंबळीचाच आकार वापरला की त्यावर वेगळी नक्षी लागत नाही.

स्वयंपाकाच्या भांड्यात एक चूक वारंवार दिसते: ‘जास्त भाजलं म्हणजे जास्त मजबूत’ असं समजून १२०० अंश सेल्सिअसवर नेलेलं भांडं आचेवर ठेवायला विकलं जातं. घट्ट, काचेसारख्या झालेल्या अंगात चीर सुरू झाली की ती सरळ आरपार जाते. कमी भाजलेल्या, भरड अंगात तीच चीर वाळूच्या कणाशी किंवा पोकळीशी अडते. कुंभार मातीत लीद, भुसा, वाळू घालतो ते यासाठीच. लीद आणि भुसा जळून सूक्ष्म पोकळ्या ठेवतात. आचेवरच्या भांड्याला १५ ते २० टक्के बारीक वाळू किंवा खापराची भरड घाला, भाजणी ८०० ते ८५० वर थांबवा, आणि ग्लेझ, म्हणजे वरचा काचेचा थर, लावू नका. ग्राहकाला सांगा: रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचं, मग तांदळाचं धुवण मंद आचेवर उकळायचं. धुवणातली पिठी छिद्रांत बसते आणि पाझर कमी होतो.

आता मातीकडे वळू. बहुतेक स्टुडिओ इथे थकतात आणि तयार पांढरी माती मागवू लागतात. नदीचा गाळ आणि काळी माती यांचं मिश्रण चिकट असतं, खूप आकसतं, आणि त्यात चुनखडीचे खडे असतात. यातली सर्वात छळणारी गोष्ट खडे. तीच माती आव्यात, म्हणजे कुंभाराच्या पारंपरिक भट्टीत, भाजली तर भांडी ठीक निघतात, आणि स्टुडिओच्या विजेच्या भट्टीत भाजली की आठवड्याने भांड्यावर टिकल्या उडतात, प्रत्येक खळग्यात तळाशी पांढरा ठिपका. मग दोष मातीला दिला जातो. खरं कारण तापमानात आहे. आवा साधारण ७०० ते ८५० च्या दरम्यान राहतो आणि तिथे चुनखडीचा बराचसा भाग न विघटता तसाच राहतो. तुम्ही ९५० ते १००० वर जाता, तिथे तिची कळी होते. कळीचा चुना हवेतला दमटपणा ओढतो, फुगतो आणि वरची माती उडवतो. कोल्हापूरच्या जुलैत तर चार दिवस पुरतात.

म्हणून स्टुडिओत माती कालवून, पातळ करून, ६० नंबरच्या आणि जमल्यास ८० नंबरच्या चाळणीतून गाळायलाच हवी. चाळणीवर उरलेल्या खड्यांवर फरशी धुवायच्या ॲसिडचे दोन थेंब पातळ करून टाका. फसफसलं तर तो चुना. बारीक पीठ होऊन मिसळलेला चुना त्रास देत नाही, खडाच देतो. गाळूनही शंका असेल तर भट्टीतून काढलेलं, हाताला अजून कोमट लागणारं भांडं पूर्ण पाण्यात बुडवून काढा. चुना सावकाश फुगण्याऐवजी लगेच विरून मऊ होतो आणि टिकली बहुधा उडत नाही.

दोन मोजमापं करून वहीत लिहिल्याशिवाय एकही डिझाईन पक्कं करू नका. मातीची पट्टी करून ओली असताना तिच्यावर १०० मिलिमीटरची रेघ ओढा. समजा सुकल्यावर ती ९२ झाली आणि भाजल्यावर ८९, तर एकूण आकस ११ टक्के. भाजून ११ सेंटिमीटरची वाटी हवी असेल तर ११ ला ०.८९ ने भागायचं, म्हणजे ओलं माप १२.४. बरेच जण ११ मध्ये ११ टक्के मिळवून १२.२ धरतात. एकट्या वाटीला ते चालून जातं, पण झाकण दुसऱ्या मातीचं असेल तर बसत नाही. दुसरं माप पाणी पिण्याचं. भाजलेला तुकडा कोरडा तोला, पाच तास उकळा, त्याच पाण्यात दिवसभर ठेवा, पुसून पुन्हा तोला. २०० ग्रॅमचा तुकडा २२८ झाला तर शोषण १४ टक्के. माठाला हे हवंच, कारण पाझरलेलं पाणी बाहेर वाळतं तेव्हाच आतलं गार होतं. जेवणाच्या ताटलीला मात्र ते घातक.

इथली लाल-काळी माती ११०० च्या पुढे नेऊ नका, असं आम्ही नव्या माणसाला ठामपणे सांगतो. तिच्यात लोह आणि इतर वितळवणारे घटक भरपूर. अकराशेच्या आसपास ती फुगू लागते, नंतर बसते आणि शेवटी शेल्फवर ओघळते. चाचणी करायचीच तर तुकडा जुन्या वाटीत ठेवून भाजा. पण याच ‘दोषा’चे दोन सुंदर उपयोग आहेत. स्टोनवेअरच्या, म्हणजे वरच्या तापमानाला भाजून घट्ट होणाऱ्या, तयार मातीत ही गाळलेली माती १० ते २० टक्के मिसळली की अंगाला इथला तपकिरी, ठिपक्यांचा रंग येतो. आणि १२४० वर वितळते म्हणून तिचंच ग्लेझ होतं. १०० नंबरच्या चाळणीतून गाळलेली माती आणि लाकडाची राख ९०:१० पासून ५०:५० पर्यंत दहा-दहाने बदलत चाचणीचे पाच तुकडे भाजा. मधापासून काळ्यापर्यंतचे रंग मिळतात, बाजारातून एक डबाही आणावा लागत नाही. बिस्कवर, म्हणजे ग्लेझआधी एकदा भाजलेल्या भांड्यावर, लावताना ते सोलपटून निघालं तर घाबरू नका. कच्ची माती सुकताना आकसते आणि भाजलेलं अंग आकसत नाही, एवढंच ते भांडण. निम्मी माती आधी ६०० ते ७०० अंशांवर भाजून घ्या, बाकी निम्मी कच्ची ठेवा.

गुऱ्हाळाची राख आपल्याकडे ढिगाने मिळते, म्हणून लोक तीच लाकडाच्या राखेच्या जागी घालतात आणि ग्लेझ खडबडीत, कोरडं निघतं. चिपाडाच्या राखेत सिलिका जास्त आणि चुना कमी असतो, त्यामुळे ती एकटी वितळत नाही. तिला फेल्डस्पार (वितळायला मदत करणारं खनिज) आणि चुन्याची जोड द्या. राख धुताना हातमोजे घाला, ते पाणी कातडी खातं.

एक वाटी पुरी करून बघू. तांबड्या रश्श्याची. तिची परीक्षा कडक आहे: वरचा तेलाचा तवंग, मिरचीचा रंग, पिळलेलं लिंबू आणि वाफाळता रस्सा. बिनग्लेझची वाटी पहिल्याच जेवणात कायमची तांबडी होते आणि चार दिवसांनी वास धरते. लाल मातीची ठेवायची असेल तर ती आतून ग्लेझ करा, बाहेर काव लावून अर्धवट सुकल्यावर गुळगुळीत दगडाने घोटा. ओली माती साधारण ३५० ग्रॅम, भाजून रुंदी ११, उंची ६ सेंटिमीटर, काठ साडेतीन मिलिमीटर, बुडाला साडेपाच सेंटिमीटरचं कडं. काठोकाठ सुमारे २८० मिलिलिटर, वाढायला २००. कडं बोटभर उंच ठेवा. गरम वाटी उचलताना बोटं कड्याला आणि काठाला लागतात, पोटाला लागत नाहीत.

ग्लेझ शिशाशिवायचंच. शिसं नसलेलं पारदर्शक फ्रिट (वितळवून दळलेली काच) ८५, चिनी माती १०, सिलिका ५, आणि १०० मिलिलिटर घोळाचं वजन साधारण १४५ ग्रॅम येईपर्यंत पाणी. नेहमीची तक्रार ही की महिन्याने ग्लेझवर जाळी पडते. अंग कमी आकसतं आणि ग्लेझ जास्त, शिवाय सच्छिद्र अंग ओल पिऊन पुढे किंचित फुगतं. त्या जाळीतून रस्सा आत जातो. त्यावर उपाय म्हणजे आधीची भाजणी वरची आणि ग्लेझची खालची: बिस्क १०६० वर, ग्लेझ १०१० वर. तरी जाळी आली तर सिलिका आणखी तीन-चार टक्के वाढवा. घोटलेल्या कावेची चमक मात्र एवढ्या तापमानाला विझते, मऊ रेशमीपणा उरतो. आम्हाला तो आवडतो. चमकच हवी असेल तर ९०० च्या खाली थांबा आणि ती वस्तू रश्श्यासाठी विकू नका.

वाटी विकण्याआधी चार टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये २४ तास ठेवून प्रयोगशाळेकडून शिसं आणि कॅडमियम तपासून घ्या. घरी व्हिनेगरमध्ये लिंबाची फोड टाकून ठेवल्याने रंग उतरतो का एवढंच कळतं, विष कळत नाही. वरून चिकटवलेली रंगीत चित्रं ७५० ते ८०० वर बसवतात. ती काठापासून किमान २० मिलिमीटर खाली ठेवा, ओठ तिथे लागतात.

या मातीची बिस्क भाजणी घाईने केली तर पुढचं सगळं वाया जातं. १२० पर्यंत ताशी ६० अंश, तिथे दोन तास. पुढे ६०० पर्यंत ताशी १००. ५७३ ला सिलिकाची रचना बदलते, तिथे जाड बुडं फुटतात. ८५० ला एक तास थांबा आणि हवेचं भोक उघडं ठेवा. गाळात कुजलेला पाला असतो, त्याचा कार्बन इथे जळाला नाही तर अंगात काळा गाभा राहतो आणि ग्लेझच्या भाजणीत फोड येतात. महावितरणची वीज मध्येच गेली तर भट्टी उघडू नका. आली की त्याच तापमानापासून पुढे चला आणि शेवटाचा निर्णय शंकूवर, म्हणजे ठरावीक भाजणीला वाकणाऱ्या मातीच्या छोट्या सुळक्यावर, सोडा.

मगाचा कान ही खास आपल्या हवेची डोकेदुखी. एवढ्या आकसणाऱ्या मातीत कान जाड आणि भिंत पातळ असली की वरच्या सांध्याला चीर ठरलेलीच. कान आणि मग एकाच ओलीचे असू द्या, सांध्याला त्याच मातीचा घोळ आणि थोडं व्हिनेगर लावा, एक दिवस प्लास्टिकखाली, मग उलटा ठेवून सावकाश सुकवा. पावसाळ्यात आठवडा द्या. आणि एकदा विचार करा, कान हवाच का? आपली घागर, लोटी, तांब्या सगळी गळ्याला धरायची. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभ्या उभ्या प्यायला गळ्याशी आवळलेला, आतून ग्लेझ केलेला पेला किती छान बसेल. काठ जाड ठेवला तर बोटं घसरत नाहीत. आतून ग्लेझ मात्र हवंच, दूध छिद्रांत शिरलं की पेला आंबतो.

साच्यावर काम करणाऱ्यांना एक सूचना. इथली काळी माती घोळ करून साच्यात ओतायला जाऊ नका. घोळ पातळ करणारं सोडियम सिलिकेट कितीही घाला, ती दह्यासारखी धरते, कारण तिचे कण पाणी धरून फुगणारे आहेत. दाबून घ्यायचे साचे करा. त्यासाठी उद्यमनगरात फौंड्रीचे लाकडी पॅटर्न करणारे कसलेले कारागीर आहेत. आकस धरून मोठं माप काढणं त्यांच्या हाडात आहे. फक्त बिडाला ते एक टक्क्याच्या आसपास धरतात, तुम्ही त्यांना तुमच्या वहीतला आकडा द्या. भट्टीच्या विटा, फायरक्ले, थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजायचं साधन) हेही तिथेच मिळतं. १२०० च्या वर रोज जाणार असाल तर के टाईप थर्मोकपलवर विसंबू नका, ते हळूहळू चुकीचं दाखवू लागतं.

आणि कुंभारवाड्याबद्दल. तिथल्या अण्णा-मावशींना ‘नमुन्याची दहा करून द्या’ म्हणून मडक्याच्या भावाने पैसे देणं थांबवा. नमुना करायला दिवस जातो, त्या दिवसाचे पैसे द्या. भट्टीत तुमच्या ग्लेझमुळे फुटलेलं नग त्यांच्या हिशेबातून कापू नका, फुटतुटीचा वाटा आधी बोलून ठरवा. ज्यांनी घडवलं त्यांचा ठसा बुडावर तुमच्या ठशाशेजारी, तेवढाच मोठा हवा. गणपतीच्या हंगामात ऑर्डर नेऊ नका. नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडं हे त्यांचं वर्ष आहे, तुमचं वेळापत्रक त्याला धरून आखा. विजेचं चाक घ्याल तर दोन्ही दिशांना फिरणारं घ्या. आयुष्यभर एका दिशेने बसलेला हात उलट्या चाकावर नवशिका होतो.

माती त्यांच्याकडूनच विकत घ्या, आणि मे संपायच्या आत. ढेकळं कडक उन्हात खडखडीत वाळवून पोत्यात भरून ठेवा. वाळलेलं ढेकूळ पाण्यात टाकलं की बघता बघता विरतं. पावसाची ओल धरलेलं ढेकूळ आठ दिवस भिजत ठेवलं तरी मधून तसंच घट्ट राहतं, आणि ते फोडत बसण्यात सगळा आषाढ जातो.

आपले,
चाकावर आणि भट्टीवर काम करणारे काहीजण
कोल्हापूर